लष्कराची आयात, पोलिसांची आयात: एकाच रांगेत दोघं, धक्का कोणाला? (गडचिरोली-चंद्रपूर संदर्भ)

खोब्रागडीकाठ

कोरची-कुरखेड्याकडच्या कुठल्याही टपरीवर हा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं असतं: मिलिटरीले सगळं फॉरेनचं, आपल्या पोलिसाईले उरलंसुरलं. वाक्य अर्धं खरं आहे आणि अर्धं खोटं, म्हणून धागा काढला.

आधी मूळ घोळ. संरक्षण हा संघसूचीतला विषय, पोलीस राज्यसूचीतला. पण शस्त्रं आणि दारूगोळा पुन्हा संघसूचीत. म्हणजे सी-६० च्या (गडचिरोली पोलिसांचं नक्षलविरोधी पथक) जवानाला चांगली रायफल द्यायची जबाबदारी मुंबईची आणि ती बाहेरून आणायची परवानगी दिल्लीची. लष्कराची ही दोन्ही कामं एकाच मंत्रालयात उरकतात. लष्करासाठी २०२० ची संरक्षण खरेदी कार्यपद्धती आहे, शिवाय अडीनडीला आणीबाणीची खरेदी. गलवाननंतर ३०० कोटींपर्यंतची प्रकरणं सेनादलांना स्वतःच्या अधिकारात मार्गी लावता आली. राज्य पोलिसांना असा आडरस्ता नाही. त्यांच्यासाठी १९६९-७० पासून चालत आलेली पोलीस आधुनिकीकरण योजना. आपल्या राज्यात केंद्राचे ६० टक्के, राज्याचे ४०. २०२१ ते २६ या काळात देशातल्या सगळ्या राज्यांच्या पोलिसांसाठी मिळून ४,८४६ कोटी ठरले, आणि त्यातच वायरलेस, प्रयोगशाळा, गाड्या, शस्त्रं सगळं.

प्रश्न असा: लष्कर आणि पोलीस यांच्यात खरीच चढाओढ आहे का, आणि असेल तर ती पैशाची, परवानगीची की आणखी कशाची? ज्यांना कागद आणि सामान दोन्ही माहीत आहे त्यांनी लिहा. राजकारण नको.

शस्त्रागार_नोंदवही

कागदाची बाजू मी लिहितो.

राज्य पोलिसांना बाहेरून शस्त्र किंवा संरक्षक सामान आणायचं तर पहिली पायरी क्यूआर, म्हणजे वस्तूत काय काय असलंच पाहिजे त्या अटी. मग चाचणी मंडळ. मग केंद्रीय गृह मंत्रालयाची ना-हरकत, डीजीएफटीचा (विदेश व्यापार महासंचालनालय) आयात परवाना, विकणाऱ्या देशासाठी अंतिम वापरकर्ता प्रमाणपत्र, बँकेची एलसी (पैसे देण्याची हमी), माल निघण्यापूर्वीची तपासणी, न्हावाशेवा, कस्टम, आणि शेवटी आपल्याकडचं स्वीकृती मंडळ. हे मंडळ सही करेपर्यंत माल भांडारात असूनही 'आलेला' नसतो.

अडतं कुठे? बहुतेक वेळा परवानगीत नाही, कागदावरच्या नावात. अंतिम वापरकर्ता म्हणून एका कागदावर 'पोलीस महासंचालक, महाराष्ट्र' आणि दुसऱ्यावर 'पोलीस अधीक्षक, गडचिरोली' असेल तर युरोपातला परवाना अधिकारी फाईल परत पाठवतो. ती सुधारून येईपर्यंत एलसीची मुदत जाते, मुदत वाढवायला बँकेचं शुल्क, तोवर पुरवठादाराच्या दराची मुदतही संपलेली. लष्कराकडे हे काम वर्षानुवर्षं करणारी स्वतंत्र माणसं बसलेली असतात. राज्यात ते काम ज्या टेबलावर येतं त्या टेबलावर गणवेशाचं कापड, बॅरिकेड आणि सीसीटीव्हीच्या फाईलीही असतात. वर दर दोन-तीन वर्षांनी बदली.

वऱ्हाडी_ठेचा

भाऊ, हे सारं खरं हाय, पण मेन गोष्ट राह्यली. योजनेचा पैसा हातात येते तवा वर्ष सरत आलं असते. मंग मार्चात घाईघाईनं जे लवकर भेटते ते घेऊन टाकायचं. बाहेरच्या मालाले आठ-दहा महिने लागते, तो कोन घेईन? म्हणून गाड्या अन् कॅमेरे येते, नाइट व्हिजन (अंधारात दिसायची दुर्बीण) राहून जाते.

भद्रावतीकर

'सगळं फॉरेनचं' या भागाबद्दल थोडं. विदर्भाच्या माणसानं तरी हे म्हणू नये. आपल्याच अंगणात भद्रावतीचा चांदा आयुध निर्माणी कारखाना, भंडाऱ्याजवळ जवाहरनगर, नागपुरात अंबाझरी, आणि पुलगावला लष्कराचं दारूगोळा भांडार. १ ऑक्टोबर २०२१ ला आयुध निर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या केल्या. चांदा आणि भंडारा म्युनिशन्स इंडियाकडे, अंबाझरी यंत्र इंडियाकडे, आणि यंत्र इंडियाचं मुख्यालयही नागपुरात.

चढाओढ इथे होती. हे कारखाने संरक्षण मंत्रालयाचे, त्यांचं वर्षाचं वेळापत्रक लष्कराच्या मागणीवर बसायचं. सीआरपीएफसारखी केंद्रीय दलं आणि राज्य पोलीस उरलेल्या क्षमतेत. त्यात भारतीय कारखान्यांत अधिकृत एके बनत नव्हती. लष्करानं रोमानियाकडून आणल्या, केंद्रीय दलांनी बल्गेरियाकडूनही. पुढे तिरुचिरापल्लीची टीएआर (ट्रिची असॉल्ट रायफल) आली, ७.६२×३९ चीच (गोळीचा व्यास आणि काडतुसाच्या नळीची लांबी, मिलिमीटरमध्ये). ती पोलीस दलांना सोयीची पडली, कारण एकेचाच दारूगोळा चालतो.

लष्कराचीही मजा बघा. २०१९ मध्ये अमेरिकेकडून ७२,४०० सिग-७१६ रायफली घेतल्या, त्या ७.६२×५१ च्या. अमेठीजवळ कोरव्याला रशियाबरोबर एके-२०३ चा कारखाना, मागणी सहा लाखांवर, त्या ७.६२×३९ च्या. जुनी देशी इन्सास रायफल ५.५६×४५ ची. म्हणजे एकाच सैन्यात तीन दारूगोळे. सगळं मिळतं, पण त्यानं सोय होतेच असं नाही.

देसाईगंज_लोकल

म्हणजे लष्कराची जुनी इन्सास आता पोलिसांकडे येणार का?

भद्रावतीकर

@देसाईगंज, जुनं शस्त्र खाली सरकणं हे नेहमीचंच आहे. थ्री-नॉट-थ्री आणि एसएलआर अशाच सरकत आल्या. शस्त्र येतं, सुटे भाग येत नाहीत, ही त्यातली मेख. एक्स्ट्रॅक्टर, फायरिंग पिन, रिकॉइल स्प्रिंग, मॅगझिनचे ओठ हे झिजणारे भाग. दर शंभर रायफलींमागे यांचा ठराविक साठा लेखी मागितला नाही तर तीन वर्षांत दहा रायफली मोडून नव्वद चालवाव्या लागतात. इन्सासची जुनी पारदर्शक प्लास्टिकची मॅगझिन तडकतात, हे त्या रायफलीबरोबर गृहीतच धरायचं.

मोहाचं_झाड

माझं म्हणणं वेगळं आहे. चढाओढ पैशाची कमी आणि *अट कोण लिहितं* याची जास्त आहे. बुलेटप्रूफ जॅकेटचं उदाहरण घेते.

२०१८ पर्यंत आपल्याकडे जॅकेटचं स्वतःचं राष्ट्रीय मानक नव्हतं. लष्कराची वेगळी अट, गृह मंत्रालयाची वेगळी, राज्यं कधी अमेरिकी एनआयजेच्या (तिथली न्याय संशोधन संस्था) मानकाचा दाखला लावायची. मग आयएस १७०५१ हे भारतीय मानक आलं. यातला फरक कागदी नाही. एनआयजेच्या जुन्या ०१०१.०६ मानकातली 'लेव्हल ३' ही ७.६२×५१ च्या शिशाच्या गाभ्याच्या गोळीसाठी तपासलेली. आपल्याकडे समोर येते ती बहुधा एकेची, तीही कधी माइल्ड स्टील तर कधी हार्ड स्टीलच्या गाभ्याची. निव्वळ पॉलिथिलीनची हलकी प्लेट शिशाची गोळी सुंदर अडवते, कडक पोलादाच्या टोकाला तंतू बाजूला होतात. तिथे पुढे सिरॅमिक हवंच: अॅल्युमिना, सिलिकॉन कार्बाइड किंवा बोरॉन कार्बाइड. सिरॅमिक टोक फोडतं, मागचं पॉलिथिलीन तुकडे झेलतं. म्हणून नुसतं 'लेव्हल ३, परदेशी' वाचून खूश होऊ नये.

दुसरा फरक मागच्या फुगवट्याचा. गोळी अडली तरी प्लेट आत फुगते आणि बरगडीवर मार बसतो. एनआयजेत हा फुगवटा ४४ मिमीपर्यंत चालतो, आपल्याकडे २५ मिमी. त्यामुळे बाहेर रीतसर पास झालेलं जॅकेट चंदीगडच्या टीबीआरएलमध्ये (डीआरडीओची चाचणी प्रयोगशाळा) नापास होतं आणि वर्तमानपत्रात 'निकृष्ट माल' असा मथळा येतो. माल निकृष्ट नसतो, दुसऱ्या परीक्षेचा असतो. टेंडरमध्ये मानकाचा क्रमांक, धोक्याची पातळी आणि चाचणीची प्रयोगशाळा या तीन गोष्टी एकाच ओळीत लिहिल्या की हा वादच उरत नाही.

आता लष्कराची नक्कल करण्याबद्दल. सर्वात वरची, सहावी पातळी ७.६२×५४ च्या चिलखतभेदी-आग लावणाऱ्या गोळीसाठी. काश्मीरला ती मागण्याला अर्थ आहे. गडचिरोलीत मेच्या उन्हात दिवसाला १५-२० किलोमीटर चालणाऱ्या पार्टीला तीच पातळी म्हणजे अंगावर दोन-अडीच किलो जास्त, आणि त्या वजनाइतकं पाणी कमी. डीआरडीओ आणि आयआयटी दिल्लीनं २०२४ मध्ये दाखवलेली 'अभेद' जॅकेटं ८.२ आणि ९.५ किलोची आहेत, म्हणजे वजन उतरतंय. पण जंगलात मृत्यू जास्त कशानं झाले ते बघून पातळी ठरवायची की शेजारच्या दलाकडे काय आहे ते बघून?

ताडोबा_बफर

ताई, भांडारात पडलेल्या जॅकेटचं काय? आयुष्य किती धरायचं?

मोहाचं_झाड

@ताडोबा, उत्पादक लेबलवर जे वर्ष देतो तेच धरायचं, पण लेबलाआधी बरंच काही बिघडतं. प्लेट बाहेर काढा. कडेला आणि कोपऱ्यांना कापड फुगलंय का, चिकट सुटलाय का ते बोटानं चाचपा. मग बोटाच्या पेरानं मध्यापासून कडेकडे टकटक करत जा. धड सिरॅमिकचा आवाज टणक आणि सगळीकडे सारखा, तडकलेल्या जागी बद्द. शंका आली तर एक्स-रे. जिल्हा रुग्णालयातल्या साध्या मशीनवरही मोठा तडा दिसतो. प्लेट जमिनीवर टाकणं, जॅकेटवर बसणं, गाडीच्या टपावर फेकणं, तडे इथून सुरू होतात.

पॉलिथिलीनला उष्णता सोसत नाही. ७०-८० अंशांच्या वर ते मऊ पडू लागतं, आणि बंद गाडीतला डॅशबोर्ड किंवा पत्र्याखालची माळ्यावरची जागा चंद्रपूरच्या मेमध्ये त्याच्या जवळपास जाते. आतल्या मऊ थरात अॅरामिड (केव्हलारसारखा तंतू) असेल तर शत्रू पाणी आणि ऊन. धुवायचं ते फक्त बाहेरचं कव्हर. प्लेटा आडव्या, एकावर एक फार तर चार-पाच, भिंतीपासून हातभर लांब. जॅकेटं हँगरवर टांगून ठेवली की खांद्याचे पट्टे ताणतात आणि पुढची प्लेट छातीवरून पोटावर उतरते. मग हृदय उघडं आणि बेंबी सुरक्षित.

पर्लकोटा

सुरुंगरोधी गाड्यांवर कोणी बोललं नाही, आणि आपल्या भागात सर्वात कडवट अनुभव त्यांचाच.

ही कल्पना दक्षिण आफ्रिकेची. लष्करानं कॅस्पिर तिथूनच आणल्या, नंतर मेदकच्या कारखान्यानं त्याच धर्तीवर 'आदित्य' बनवली आणि ती केंद्रीय दलांकडे व राज्यांकडे गेली. तळ व्ही आकाराचा, जमिनीपासून उंच, स्फोटाचा दाब दोन्ही बाजूंना वाटला जातो. पण किती स्फोटाचा? नाटोच्या स्टॅनॅग ४५६९ मानकात दुसरी पातळी सहा किलो टीएनटीची, तिसरी आठची, चौथी दहाची. लष्करी रणांगणावरचा रणगाडाविरोधी सुरुंग साधारण या मापात बसतो, म्हणून लष्कराला हे माप पुरतं. नक्षलवाद्यांचा भूसुरुंग कारखान्यातला नव्हता. डांबराखाली, मोरीत भरलेला, त्याच्या कितीतरी पट. दंतेवाडा जिल्ह्यात सप्टेंबर २००५ मध्ये अशीच सुरुंगरोधी गाडी उडवली आणि २४ जण गेले. १३ मार्च २०१८ ला सुकम्यात किस्टारामजवळ नऊ. गाडी तिच्या मापापर्यंत नीटच होती. माप दुसऱ्या युद्धाचं होतं.

दुसरी बाजूही आहे. १ मे २०१९ ला कुरखेड्याजवळ जांभुळखेड्याला १५ पोलीस आणि चालक गेले, ते खासगी वाहनात होते. त्यामुळे 'चिलखती गाडी नकोच' हाही निष्कर्ष नाही. शिकण्यासारखं एवढंच की वाहन कुठलंही असो, आधी रस्ता उघडा, म्हणजे मोऱ्या आणि दोन्ही कडा पायी तपासा, आणि जिथे तपासता येत नाही तिथे वाहन नकोच.

गाडी वापरायचीच तर या गोष्टी लेखी मागा. आसन तळाला नाही, बाजूला किंवा छताला टांगलेलं हवं, नाहीतर तळाचा धक्का थेट मणक्यात. चार टोकांचा पट्टा हवा आणि तो *लावलेला* हवा, कारण तळ टिकलेल्या गाडीतही डोकं छतावर आपटून माणसं जातात. आतला प्रत्येक जॅक, पाना, पाण्याचा कॅन बांधलेला हवा, स्फोटात तोच गोळीसारखा उडतो. टायरमधलं रन-फ्लॅट कडं (हवा गेली तरी चाक चालवणारं) बाहेरून येतं, त्याचा एक जादा संच गाडीबरोबरच घ्या, नंतर तो मिळत नाही. आणि वजन. दहा टनांच्या वरची गाडी भामरागडच्या आतल्या रपट्यांवर पावसाळ्यात जाते आणि तिथेच रुतून बसते. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडच तुटतं, तिथे गाडीचं काय घेऊन बसलात.

एटापल्ली_तालुका

पर्लकोटा भाऊंनी 'रस्ता उघडा' लिहिलं. तो उघडतात ज्या यंत्रानं ते म्हणजे मेटल डिटेक्टर, त्याची आपल्या तालुक्यातली खास अडचण सांगतो. सुरजागडचं लोखंड. नुसत्या डोंगरात नाही, अवतीभवतीच्या तांबड्या मुरुमातही लोहखनिज. परदेशी डिटेक्टर जर्मनीच्या किंवा ऑस्ट्रेलियाच्या मातीवर बसवून आलेला असतो (ऑस्ट्रेलियाची तांबडी माती आपल्याला जवळची, म्हणून तिकडची यंत्रं इथे बरी चालतात). तरी तो इथे पावलापावलाला ओरडतो. जवान कंटाळून संवेदनशीलता उतरवतो. तिथेच घात होतो, कारण हल्लीच्या सुरुंगात धातू नावापुरताच, आणि उतरवलेल्या यंत्राला तो ऐकूच येत नाही.

उपाय यंत्र बदलणं नाही. ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीतल्या लोखंडाचा आवाज यंत्राला वगळायला लावणं, प्रत्येक मातीवर नव्यानं करायचा. ठाण्याच्या फाटकात, सिमेंटवर, खाली लोखंडी सळ्या असताना केलेला बॅलन्स हा बॅलन्सच नाही. रस्त्यावर उतरून, स्वच्छ जागा बघून, चकती वर-खाली करून आवाज शांत होईपर्यंत. माती मुरुमावरून काळीवर गेली की पुन्हा. चकती जमिनीपासून चार-पाच सेंटिमीटर, समांतर, झोकाच्या टोकाला वर उचलायची नाही. पुढचा झोका मागच्याच्या निम्म्यावरून. एका माणसाकडे वीस-पंचवीस मिनिटांहून जास्त द्यायचं नाही, कान बधिर होतो. पावसानंतर ओल्या मातीत आवाज बदलतो, तेव्हा बॅलन्स परत. जमिनीत रडार सोडणारी दुहेरी यंत्रं चांगली, पण ओल्या चिकण मातीत रडार शोषलं जातं, म्हणजे जुलै-ऑगस्टला त्यांचाही उपयोग निम्मा.

कुत्रा मात्र माती बघत नाही, बारूद बघतो. उन्हात तोही लवकर थकतो, एवढंच.

सातपुडा_टोक

डिटेक्टरवरून आठवण. लष्कर-पोलीस चढाओढीनं काय होऊ शकतं याचं सगळ्यात भयंकर उदाहरण इराकचं. एडीई ६५१ नावाची काठी, मुठीवर अँटेना, आत बॅटरी नाही, काहीच नाही. ब्रिटनच्या जेम्स मॅकॉर्मिकनं ती इराकच्या गृह खात्याला, म्हणजे पोलिसांच्या बाजूला, हजारो डॉलरला एक या दरानं विकली. अमेरिकी लष्कर सांगत होतं की ही काठी चालत नाही. बगदादचे स्फोटकविरोधी पोलीस अधिकारी छाती ठोकून चालते म्हणाले. लष्कर म्हणतं म्हणून ऐकायचं नाही, हा ताठा त्यात होताच. २०१३ मध्ये मॅकॉर्मिकला दहा वर्षांची शिक्षा झाली. तरी नाक्यांवरून ती काठी काढायचा हुकूम निघाला जुलै २०१६ मध्ये, बगदादच्या कर्रादा भागात मोठा स्फोट झाल्यावर.

थायलंडमध्ये उलटं. तिथे लष्करानंच जीटी २०० घेतली होती. २०१० मध्ये विज्ञान मंत्रालयानं चाचणी केली: चार खोक्यांपैकी एकात स्फोटक, वीस वेळा शोध, बरोबर चार वेळा. डोळे मिटून बोट ठेवलं असतं तर पाच वेळा बरोबर आलं असतं.

ही चाचणी फुकटात होते. चार सारखी खोकी, माल ठेवणारा माणूस शोधणाऱ्याच्या नजरेआड, नोंद तिसऱ्याकडे. कुठलंही 'शोधणारं' यंत्र घ्यायच्या आधी ठाण्याच्या अंगणातही करता येते. पुरवठादार नको म्हणाला तर उत्तर मिळालंच.

वऱ्हाडी_ठेचा

अन् पुरवठादार म्हणते, "साहेब, आज हवामान बरोबर नाही." राजेहो, हवामानाले बॉम्ब समजते का?

शस्त्रागार_नोंदवही

ड्रोनवर बोलायला हवं, कारण तिथे कायदाच दोघांना वेगळा वागवतो. ड्रोन नियम २०२१ भूदल, नौदल, हवाई दलाच्या ड्रोनला लागू नाहीत. पोलिसांच्या ड्रोनला लागू आहेत, केंद्रानं सूट दिली तर गोष्ट वेगळी. म्हणजे लष्कराचं ड्रोन थेट उडतं आणि पोलिसांच्या ड्रोनला नोंदणी क्रमांक, २५० ग्रॅमच्या वर प्रकार प्रमाणपत्र, दोन किलोच्या वर प्रमाणपत्रधारक चालक.

९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आली. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा या कामांसाठी डीजीएफटीच्या मंजुरीनं सूट. सुटे भाग मात्र मोकळे. झालं काय, की देशात जोडलेल्या ड्रोनच्या पोटात चिनी मेंदू आला. लष्करालाही हा फटका बसला, फेब्रुवारी २०२५ मध्ये चिनी भागांच्या कारणावरून ४०० ड्रोनचे करार रद्द झाले. पोलिसांनी ही तपासणी स्वतःकडे आणावी: फ्लाइट कंट्रोलर, रेडिओ लिंक, कॅमेऱ्याचा गिंबल (स्थिर धरणारी बैठक) आणि बॅटरीचा बीएमएस (चार्ज सांभाळणारी पट्टी) हे चार भाग उघडून क्रमांक बघणं. कागदावरचं 'स्वदेशी' पुरेसं नाही. २३ जुलै २०२० पासून सीमेलगतच्या देशांच्या निविदाकारांना नोंदणीची अट आहे आणि ती राज्यांनाही लागू आहे, पण ती निविदाकाराला लागते, आतल्या चिपला नाही.

एटापल्ली_तालुका

ड्रोन जंगलात कधी चालतं तेही लिहून ठेवतो. सागाची पानगळ फेब्रुवारीपासून, तेव्हापासून पाऊस लागेपर्यंत वरून जमीन दिसते. बांबूत बाराही महिने अंधार. थर्मल कॅमेरा मेच्या दुपारी आंधळा: जमीन माणसापेक्षा तापलेली, खडक, वारूळ, माणूस सगळं एकाच रंगात. पहाटे चार ते साडेसहा हीच त्याची वेळ. चित्र पाठवणारी ५.८ गिगाहर्ट्झची लिंक ओल्या पानात दम तोडते, २.४ त्यापेक्षा बरी. लिथियमच्या बॅटऱ्या ४५ अंशांवर चार्ज करू नका, फुगतात.

खोब्रागडीकाठ

जॅमर आणि वायरलेसचं कसं? तिथे तर लष्कर थेट आडवं येतं असं ऐकलंय.

शस्त्रागार_नोंदवही

थोडक्यात. जॅमर, म्हणजे रेडिओ-मोबाइलच्या लहरी अडवणारं यंत्र, कोणालाही आणता येत नाही. मंत्रिमंडळ सचिवालयाची मंजुरी लागते आणि बनवणारे मुख्यतः ईसीआयएल आणि बीईएल या सरकारी कंपन्या. वायरलेसच्या लहरी दूरसंचार खात्याचा डब्ल्यूपीसी विभाग वाटतो. संरक्षण दलांसाठी राखलेल्या पट्ट्यांत पोलिसांचा बाहेरून आलेला संच बोलू लागला तर हरकत येणारच. संच घेण्याआधी लहर मंजूर करून घ्यायची, नंतर नाही. उलट क्रमानं केलं की संच कपाटात.

भद्रावतीकर

एक उलट बाजू मांडतो, नाहीतर हा धागा 'बिचारे पोलीस' होऊन जाईल. लष्कराची चाचणी लांबते, कारण वाळवंट, बर्फ, किनारा तिन्हीकडे वस्तू चालावी लागते. त्या चाचणीतून उतरलेल्या वस्तूचा पुढचा दर आणि सुट्या भागांची हमी चांगली असते. पोलिसांनी त्याच कराराच्या शेपटीला का लागू नये? आज एकाच परदेशी कंपनीची नाइट व्हिजनची नळी तीन दलं तीन दरांनी घेतात आणि कंपनी तिघांनाही 'तुमच्यासाठी खास' सांगते.

शस्त्रागार_नोंदवही

@भद्रावतीकर, कल्पना चांगली, नियम आडवा येतो. संरक्षण खरेदीच्या करारात वाढीव मागणीचं कलम असतं, पण ते त्याच खरेदीदारासाठी. तिसऱ्या कोणाला त्यावर स्वार होता येत नाही. दर फक्त 'वाजवी आहे का' हे ताडायला वापरता येतो, आणि तो मिळवायलाच पत्रव्यवहार. केंद्रीय खरेदीत २०२० पासून २०० कोटींपर्यंत जागतिक निविदाही बंद, मग उरतो देशी प्रतिनिधी आणि त्याची टक्केवारी.

मोहाचं_झाड

शेपटीला लागलं तर अटही लष्कराचीच येते, हा माझा मूळ मुद्दा. उणे वीस अंशांत चालणारं तेल आणि बर्फाच्या बुटाचं माप गडचिरोलीला कशाला? गृह मंत्रालयाच्या संकेतस्थळावर केंद्रीय दलांच्या क्यूआर उघड आहेत. त्या घ्याव्यात आणि जिल्ह्यानं खाली स्वतःच्या चार ओळी जोडाव्यात: ४७ अंश उष्णता, चार महिने ९० टक्क्यांच्या वर दमटपणा, लोहयुक्त माती, आणि दुरुस्ती नागपुरात सात दिवसांच्या आत. या ओळी मुंबईतलं टेबल लिहू शकत नाही, एटापल्लीतलं ठाणं लिहू शकतं.

देसाईगंज_लोकल

गणवेशावरून पण भांडण झालं होतं ना?

पर्लकोटा

झालं होतं. पोलीस आणि निमलष्करी दलांनी लष्करासारखा ठिपक्यांचा गणवेश घालू नये असं लष्कराचं जुनं म्हणणं. १५ जानेवारी २०२२ ला नवा गणवेश दाखवला आणि नंतर त्याच्या नक्षीची नोंदणीच करून टाकली. जंगलात याचा अर्थ इतकाच की सागाच्या रंगाचं कापड वेगळं शोधा.

ताडोबा_बफर

ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपतीनं साठेक साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. आता हे सगळं सामान पडून राहील. त्याचं काय करायचं?

एटापल्ली_तालुका

पडून राहिलेलंच लवकर मरतं. डिटेक्टर तर आत्ताच जास्त लागणार, जुने पुरलेले सुरुंग जागेवरच आहेत आणि त्यावरून आता गुराखी, तेंदूवाले आणि रस्त्याचे रोलर जाणार. वांगेतुरी-गर्देवाड्यासारख्या नव्या ठाण्यांभोवतीच्या मॅक वॉलच्या संरक्षक भिंती आणि पोत्यांचे सँड मोर्चे पावसात बसतात, पोती दर वर्षी बदलावी लागतात, हा खर्च कुठल्याच योजनेत 'उपकरण' म्हणून दिसत नाही.

नाइट व्हिजनसाठी भांडारवाल्यांनी आजच करावं असं: सेल काढून ठेवा, आत राहिला की गळतो आणि संपर्काची पट्टी खातो. भिंगाला बुरशी जूनच्या तिसऱ्या आठवड्यापासून धरते. हवाबंद डबा, आत सिलिका जेल, निळं जेल गुलाबी झालं की तव्यावर किंवा ओव्हनमध्ये १२० अंशांवर तापवून पुन्हा निळं करायचं. महिन्यातून एकदा अंधारात दहा मिनिटं चालू करा. दिवसा भिंगाची टोपी न लावता कधीच नाही, नळीवर काळे डाग पडतात ते जात नाहीत. डाग किती आणि कुठे याचं रेखाचित्र प्रत्येक यंत्राच्या नोंदवहीत पहिल्याच दिवशी काढून ठेवा, म्हणजे हमीच्या मुदतीत कंपनी 'तुमच्याकडूनच झालं' म्हणू शकत नाही.

शस्त्रागार_नोंदवही

आणि त्या रेखाचित्रावर स्वीकृती मंडळाची सही घ्या. सही नसेल तर हमीच्या दाव्यात ते चित्र धरत नाहीत.